दहा मिनिटांत रेसिड्यू सांगणारे यंत्र : द्राक्ष उत्पादकांनी ते घ्यावे का?

प्रश्न असा आला आहे : दिंडोरी तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी युरोपला द्राक्षे पाठवते. प्रत्येक प्लॉटच्या रेसिड्यू तपासणीत, म्हणजे फळात औषधाचा किती अंश उरला आहे ते बघण्यात, पैसे जातात, दिवसही जातात. एका विक्रेत्याने त्यांना हातात मावणारे इलेक्ट्रोकेमिकल, म्हणजे रसायनक्रियेतली वीज मोजणारे, यंत्र दाखवले. द्राक्षाच्या रसाचा थेंब पट्टीवर टाकला की दहा मिनिटांत ‘सुरक्षित’ किंवा ‘असुरक्षित’ अशी अक्षरे उमटतात. प्रयोगशाळेऐवजी हे चालेल का, असे कंपनीचे व्यवस्थापक विचारतात. त्यांची पुतणी एम.एस्सी. करते आहे. तिने याच विषयात प्रकल्प करायचा म्हटला तर काय निवडावे, हा त्यांचा दुसरा प्रश्न.

प्रयोगशाळेऐवजी चालणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. युरोपात जाणाऱ्या द्राक्षाला अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट व्यवस्थेतून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल लागतोच. पण तुमच्या मनातला खरा प्रश्न वेगळा असावा. नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याआधी, आपल्यापुरती चाळणी म्हणून तरी हे यंत्र वापरावे का? पट्टीवर काय लावले आहे आणि तुमच्या बागेत काय फवारले आहे, या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत असतील तर वापरावे. निर्यातीच्या बागांत आज त्या बहुधा जुळत नाहीत. का जुळत नाहीत ते समजले की विक्रेत्याला कोणते प्रश्न विचारायचे हे तुमचे तुम्हालाच सुचेल, म्हणून जरा खोलात जातो.

बाजारात येणाऱ्या अशा बहुतेक पट्ट्या एकाच तत्त्वावर चालतात. प्लास्टिकच्या पट्टीवर कार्बनच्या आणि चांदीच्या शाईने छोटे इलेक्ट्रोड छापलेले असतात आणि त्यांतल्या एकावर अॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचे एन्झाइम बसवलेले असते. किड्याच्या आणि माणसाच्या मज्जासंस्थेत हेच एन्झाइम काम करते. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली कीटकनाशके त्याला निकामी करतात आणि त्यामुळेच कीड मरते. पट्टीवर अॅसिटिलथायोकोलिन नावाचे खाद्य घातले की एन्झाइम ते तोडते आणि थायोकोलिन तयार होते. थायोकोलिनचे इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण होते आणि वीज वाहते, काही मायक्रोअँपियर किंवा त्याहूनही कमी. आधी कोऱ्या पट्टीचा प्रवाह मोजायचा. मग नमुना दहा-पंधरा मिनिटे पट्टीवर ठेवायचा, पट्टी धुवायची, पुन्हा खाद्य घालायचे आणि प्रवाह मोजायचा. जितके एन्झाइम मेले तितका प्रवाह घटतो. ही घट टक्क्यांत काढली की झाले मापन.

दिसायला ही पट्टी मधुमेहाच्या रुग्णांच्या ग्लुकोजपट्टीसारखीच असते आणि घराणेही तेच आहे. इलेक्ट्रोडवर एन्झाइम बसवून ग्लुकोज मोजण्याची कल्पना लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली मांडली. विक्रेतेही हेच उदाहरण देतात : साखर घरी मोजता येते, तर औषधाचा अंश का नाही? फरक प्रमाणात आहे. रक्तात ग्लुकोज लिटरला सुमारे ५ मिलिमोल असते. क्लोरपायरिफॉस या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या अंशाची युरोपातली मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम आहे. एक किलो द्राक्ष म्हणजे साधारण एक लिटर धरले, तर ही मर्यादा लिटरला सुमारे २८ नॅनोमोल होते, म्हणजे ग्लुकोजच्या जवळजवळ पावणेदोन लाख पट कमी. दहा टन द्राक्षात सगळे मिळून एक दशांश ग्रॅम. शिवाय ग्लुकोजच्या पट्टीत ग्लुकोज स्वतः प्रवाह निर्माण करते. इथे मात्र कीटकनाशक प्रवाह कमी करते, आणि कमी झालेला प्रवाह ओळखणे नेहमीच जास्त अवघड असते. प्रवाह कमी व्हायला कीटकनाशकाखेरीज इतरही बरीच कारणे असतात.

द्राक्षाचा रस हेच त्यातले पहिले कारण. रसाचा सामू साडेतीनच्या आसपास असतो आणि या एन्झाइमला साडेसात ते आठ लागतो. रस पुरेशा बफरमध्ये, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, न मिसळता थेट पट्टीवर टाकला, तर आम्लामुळेच एन्झाइम मंदावते आणि पट्टी ‘असुरक्षित’ म्हणते. भाजीत जड धातू असतील तर तसेच होते. बटाट्यातले सोलॅनिन हे नैसर्गिक द्रव्यसुद्धा हे एन्झाइम रोखते. दुसऱ्या बाजूला रसातील अॅस्कॉर्बिक आम्ल आणि पॉलिफेनॉल स्वतः इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइज होतात, प्रवाह वाढवतात आणि खरी घट झाकून टाकतात. साध्या कार्बनवर थायोकोलिन मोजायला सुमारे ०.७ व्होल्ट लागतात. तेवढ्या विद्युतदाबाला रसातली निम्मी रसायने बोलू लागतात. म्हणून चांगल्या पट्टीत कार्बनच्या शाईत कोबाल्ट थॅलोसायनिन किंवा प्रशियन ब्लू मिसळलेले असते. मग ०.१ ते ०.२ व्होल्टलाच थायोकोलिन दिसते आणि इतरांचा गोंगाट बराच कमी होतो.

या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे मधली धुण्याची पायरी. ऑर्गॅनोफॉस्फेट एन्झाइमला कायमचे चिकटते. त्याच्या सेरिन या जागेवर फॉस्फेटचा गट बसतो आणि पाण्याने निघत नाही. अॅस्कॉर्बिक आम्ल, पॉलिफेनॉल, साखर, सोलॅनिन हे सारे धुऊन जाते. म्हणजे नमुन्याची घाण पट्टीवरून काढून टाकता येते आणि विषाची खूण तेवढी मागे राहते. कार्बामेट मधल्या मध्ये येतात. ते चिकटतात, पण काही वेळाने सुटतात, म्हणून धुणे आणि मोजणे यांत उशीर चालत नाही. विक्रेत्याच्या यंत्रात ही पायरी नसेल, रसाचा थेंब टाकून सरळ आकडा येत असेल, तर ते यंत्र द्राक्षासाठी घेऊ नका. पाण्यासाठी एक वेळ चालेल.

आता त्याहून मोठी अडचण. क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस, मॅलाथिऑन या रेणूंत फॉस्फरसला गंधक जोडलेले असते. या रूपात ते एन्झाइमला फारसे रोखत नाहीत. किड्याच्या किंवा माणसाच्या शरीरात गेल्यावर गंधकाच्या जागी ऑक्सिजन येतो, ‘ऑक्सॉन’ तयार होते आणि मग ते शेकडो ते हजारो पटींनी घातक ठरते. पट्टीला यकृत नाही. म्हणून नमुना आधी ब्रोमीनच्या पाण्याने किंवा एन-ब्रोमोसक्सिनिमाइडने ऑक्सिडाइज करावा लागतो. उरलेले ऑक्सिडीकारकही नष्ट करावे लागते, नाहीतर तेच एन्झाइम मारते आणि स्वच्छ द्राक्षही दोषी ठरते. ही पायरी न करणाऱ्या पट्टीवर क्लोरपायरिफॉस मारलेले द्राक्ष निवांतपणे ‘सुरक्षित’ ठरू शकते. मोनोक्रोटोफॉस आणि डायक्लोरव्हॉस मात्र मुळातच ऑक्सिजनयुक्त आहेत, पट्टीवर लगेच उमटतात. प्रात्यक्षिकात विक्रेता नेमके काय टाकतो ते म्हणूनच बघा. किती टाकतो तेही बघा. क्लोरपायरिफॉस २० ईसी लिटरला दोन मिलि या प्रमाणात मिसळले तर फवारणीच्या पाण्यात लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम सक्रिय घटक असतो, म्हणजे मर्यादेच्या ४० हजार पट. तेवढे कोणत्याही पट्टीला दिसेल.

पातळ करण्याचे गणित तर मी प्रत्येक विद्यार्थ्याला फळ्यावर करून दाखवतो, कारण संशोधन-लेखांत ते सहसा सापडत नाही. क्लोरपायरिफॉस पाण्यात विरघळत नाही. ते मण्याच्या सालीवरच्या मेणचट थरात बसते. रस पिळला तर बहुतेक औषध चोथ्यात राहते. ते बाहेर काढायला अॅसिटोनायट्राइल किंवा इथिल अॅसिटेट लागते, आणि या द्रावकांनी एन्झाइम मरते. अॅसिटोनायट्राइल साधारण पाच टक्क्यांच्या वर गेले की मापन बिघडू लागते. म्हणून अर्क वीस पट पातळ करायचा. आता २८ नॅनोमोलचे दीड नॅनोमोलसुद्धा उरत नाहीत. किती एन्झाइम मरेल हे विषाची तीव्रता, वेळ आणि त्या विषाचा मारकतेचा स्थिरांक यांच्या गुणाकारावर ठरते. हा स्थिरांक दर मोलर दर मिनिट दहा लाख धरू. मूळ तीव्रतेत दहा मिनिटांत सुमारे २५ टक्के एन्झाइम मेले असते आणि ते सहज दिसले असते. वीस पट पातळ केल्यावर मरते जेमतेम दीड टक्का. एकाच खोक्यातल्या दोन छापील पट्ट्यांमध्ये पाच ते दहा टक्क्यांचा फरक सहज असतो. दीड टक्का त्यात बुडून जातो.

यातून वाट निघते, पण फुकट निघत नाही. द्रावक उडवून अर्क दाट करता येतो. पण मग टेबलावर बाष्पनक आणि नायट्रोजनचा सिलिंडर आला, म्हणजे तुम्ही छोटी प्रयोगशाळाच मांडली. फळमाशीच्या एन्झाइममध्ये जनुकीय बदल करून जास्त हळवी रूपे तयार केली आहेत, त्यांनी स्थिरांक वाढतो. जास्त वेळ ठेवले तरी घट वाढते. यांपैकी काय केले आहे ते विक्रेत्याला सांगता आले पाहिजे.

आतापर्यंत ज्याच्या नावाने पट्टी विकली जाते त्याच गटाविषयी बोललो. तुमच्या बागेतली बहुतेक औषधे या गटातली नाहीतच. केवड्यासाठी मॅन्कोझेब, भुरीसाठी ट्रायअॅझोल, त्यानंतरची स्ट्रोबिल्युरिन, किडीसाठी इमिडाक्लोप्रिड, पिठ्या ढेकणासाठी बुप्रोफेझिन : यांपैकी एकही अॅसिटिलकोलिनेस्टरेज रोखून काम करत नाही. एखाद्या प्लॉटमध्ये यांपैकी चार औषधे मर्यादेच्या दहा पट असली तरी पट्टी ‘सुरक्षित’ म्हणेल आणि तिच्या परीने ते खरेच असेल. या पट्ट्या ज्यांच्यासाठी जन्मल्या ते रेणू तर एकेक करून जात आहेत. भारतात मिथाइल पॅराथिऑन आणि कार्बारिल गेले. फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. युरोपात क्लोरपायरिफॉसची मान्यता जानेवारी २०२० मध्ये संपली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून मर्यादा ०.०१ वर आली. म्हणजे गट आकसतो आहे आणि त्यातल्या उरलेल्यांची मर्यादा खाली जाते आहे. पट्टीला दोन्हीकडून जड.

२०१० चा हंगाम तुमच्यातल्या जुन्या बागायतदारांना आठवत असेल. युरोपात आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडले, बागेत ज्याला सगळे सीसीसी म्हणतात ते. मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. शेंड्याची वाढ रोखून घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून ते वापरले जायचे, आणि तपासणीच्या यादीत त्या वेळी ते नव्हते. रेणूवर कायमचा धनभार असल्याने अनेक औषधे एकदम शोधणाऱ्या नेहमीच्या बहु-अवशेष पद्धतीतूनही ते निसटते, त्याला वेगळी पद्धत लागते. एवढ्या सुसज्ज प्रयोगशाळा असूनही जे शोधले नाही ते सापडले नाही, आणि कंटेनर तिकडे अडकले. त्यानंतर यादी वाढली, काटेकोर झाली. एकच एन्झाइम लावलेल्या पट्टीला सीसीसी त्या पातळीवर आजही दिसणार नाही. शेकडो रसायनांची यादी एका धावेत बघणारे एलसी-एमएस/एमएस आणि जीसी-एमएस/एमएस या प्रयोगशाळेतल्या यंत्रांना पर्याय नाही असे मी म्हणतो ते यामुळे.

एन्झाइमशिवायचेही इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर असतात आणि ठरावीक रेणूंसाठी ते सरस ठरतात. ज्या रेणूला इलेक्ट्रॉन सहज देता-घेता येतात तो स्वतःच इलेक्ट्रोडवर दिसतो. मिथाइल पॅराथिऑन आणि फेनिट्रोथिऑन यांच्यावरचा नायट्रो गट ऋण विद्युतदाबाला इलेक्ट्रॉन घेतो आणि हायड्रॉक्सिलअमाइन बनतो. ते पुढे शून्य व्होल्टच्या जवळपास उलटसुलट बदलत राहते. वाचन त्या दुसऱ्या जागी घेतले की हवेतल्या ऑक्सिजनचा त्रास टळतो. ही युक्ती मला आजही सुंदर वाटते. यारोस्लाव हेरोव्स्की यांनी १९२२ मध्ये पोलॅरोग्राफीची सुरुवात केली आणि १९५९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. आपण आज वापरतो त्या सगळ्या व्होल्टॅमेट्री, म्हणजे विद्युतदाब बदलत प्रवाह मोजण्याच्या, पद्धतींचे मूळ तिथे आहे. इमिडाक्लोप्रिडलाही नायट्रो गट आहे, पण त्याला उणे एक व्होल्टच्या आसपास जावे लागते, तिथे ऑक्सिजन आडवा येतो आणि नायट्रोजन सोडून तो घालवावा लागतो. त्याच कुळातल्या अॅसिटामिप्रिडला नायट्रो गट नाही, त्याच्या जागी सायनो आहे, त्यामुळे त्याचा या पद्धतीने पत्ता लागत नाही. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक धन बाजूला ऑक्सिडाइज होते. स्वच्छ बफरमध्ये त्याचा टोकदार शिखरालेख मिळतो. द्राक्षाच्या अर्कात मात्र पॉलिफेनॉलच्या रुंद डोंगरामागे तो दडतो.

याखेरीज अॅप्टामर, म्हणजे ठरावीक रेणूलाच धरणारे डीएनएचे तुकडे, आणि रेणूच्या साच्यात घडवलेली पॉलिमर यांवर भरपूर काम चालू आहे. दिशा योग्य आहे. तरी लेखांतले आकडे वाचताना एक सवय लावून घ्या. शोधमर्यादा, म्हणजे ओळखता येणारी सर्वांत कमी मात्रा, पिकोमोल असे छापलेले असते तेव्हा ती बफरमध्ये काढली की फळात, हे पाहा. ‘खऱ्या नमुन्यात’ असे लिहिले असेल तर तो नळाच्या पाण्याचा आहे का ते पाहा. मोजणीच्या क्षणी अर्कात औषधाचा थेंब टाकून तो परत मोजणे सोपे असते. फवारणीनंतर दोन आठवडे उन्हात राहिलेले, सालीत मुरलेले, थोडे विघटन झालेले औषध मोजणे हे वेगळे काम आहे. औषध मुरलेल्या फळावर प्रयोगशाळेच्या अहवालाशी ताडून पाहिल्याशिवाय कोणत्याही सेन्सरला मी द्राक्षाचा सेन्सर म्हणत नाही.

नमुना कसा घेतला, याबद्दल फार कमी लोक बोलतात. शितावरून भाताची परीक्षा इथे लागू पडत नाही. फवारणी सगळीकडे सारखी बसत नाही. पानाआडच्या घडावर कमी, ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर वळतो तिथल्या घडावर जास्त, घडाच्या आतल्या मण्यांवर आणखी वेगळी. प्रयोगशाळेचा नमुना प्लॉटभर फिरून अनेक घडांतून गोळा होतो, सगळा एकजीव केला जातो आणि त्यातून अर्कासाठी दहा ग्रॅम वगैरे घेतात. पट्टीवर एका मण्याच्या रसाचा थेंब टाकणे म्हणजे त्या मण्याबद्दलच बोलणे. पट्टी वापरायचीच असेल तर नमुना प्रयोगशाळेसाठी घेता तसाच घ्या, मिक्सरमधून सालीसकट एकजीव करा आणि मग पुढे जा. इथे केलेली हयगय पुढे कोणतेही यंत्र भरून काढत नाही.

मग हे यंत्र कुठे उपयोगी पडेल? जिथे प्रश्न अरुंद आहे तिथे. एखाद्या सभासदाच्या फवारणी वहीत ऑर्गॅनोफॉस्फेट नाही, पण शेजारच्या शेतातून वाऱ्याने आले असावे अशी शंका आहे. किंवा ब्लोअरची टाकी आधी दुसऱ्या पिकावर वापरली होती आणि ती नीट धुतली गेली का हे बघायचे आहे. टाकी धुतल्यानंतरचे पाणी हा पट्टीसाठी उत्तम नमुना : ना साल, ना मेण, ना आम्ल, आणि अंश उरलेच तर ते मर्यादेच्या कितीतरी वर. गंधकाच्या रेणूंसाठी ऑक्सिडीकरणाची पायरी मात्र इथेही हवी. शेततळ्याचे, विहिरीचे पाणी याच वर्गातले. स्थानिक बाजारात जाणाऱ्या वांगी-भेंडीत बंदी आलेले मोनोक्रोटोफॉस मारले आहे का, हेही पट्टीला बऱ्यापैकी कळू शकते.

घेण्याआधी विक्रेत्याला त्याच्याच यंत्राची परीक्षा तुमच्या द्राक्षावर द्यायला सांगा. ज्या प्लॉटचा प्रयोगशाळेचा अहवाल स्वच्छ आहे त्याचे द्राक्ष घ्या आणि एकजीव करा. किमान वीस डब्यांत तसेच ठेवा आणि वीस डब्यांत मर्यादेइतके क्लोरपायरिफॉस तज्ज्ञाकडून मोजून घालून घ्या. डब्यांवर फक्त क्रमांक असू द्या, कोणत्या डब्यात काय आहे ते तुमच्याजवळ ठेवा. चाळणीच्या पद्धतीकडून युरोपीय मार्गदर्शनात अपेक्षा अशी असते की ठरवलेल्या पातळीवर १०० पैकी किमान ९५ नमुने तिने पकडावेत. वीसपैकी एकाहून जास्त निसटले तर त्या पातळीला पट्टी निरुपयोगी. स्वच्छ डब्यांपैकी बरेचसे दोषी ठरले तर सगळेच नमुने प्रयोगशाळेत जाणार, म्हणजे पैसे वाचणे दूरच. ही परीक्षा मार्चच्या दुपारी पॅकहाउसच्या बाहेरही घ्या. तापमान वाढले की एन्झाइमचा वेग बदलतो, आणि पहिले वाचन वातानुकूलित खोलीत व दुसरे उन्हात घेतले तर घट-वाढीला काही अर्थ उरत नाही. पट्ट्या चार अंशांवर ठेवायच्या असतील तर त्या फ्रीजमध्येच आल्या का, वाटेत किती दिवस कुरिअरच्या गोदामात होत्या, हेही विचारा. एन्झाइमची पट्टी खराब झाली तरी दिसायला तशीच राहते.

तुम्ही विचारले नाहीत, तरी एक उपयोग सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ऑक्सॉन, पातळ करणे, साल, आम्ल या वर सांगितलेल्या सगळ्या अडचणी एका ठिकाणी नाहीशा होतात : फवारणी करणाऱ्या माणसाच्या रक्तात. तिथे औषध मोजायचे नसते, त्या माणसाचे स्वतःचे एन्झाइम मोजायचे असते. लाल पेशींत अॅसिटिलकोलिनेस्टरेज भरपूर असते. औषध अंगात गेले असेल तर यकृताने ते आधीच ऑक्सॉन केलेले असते आणि एन्झाइमने आपली हानी जपून ठेवलेली असते. बोटाच्या टोकाच्या थेंबातून तीच रसायनक्रिया, तोच थायोकोलिनचा प्रवाह मोजता येतो, आणि अंश-पट्टीपेक्षा कितीतरी ठणठणीत आकडा मिळतो.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला, शेकडो जण रुग्णालयात गेले. तिथे फवारलेल्या मिश्रणांतले प्रत्येक औषध या गटातले नव्हते, पण प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी होती. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून अशा कामगारांवर वैद्यकीय देखरेखीचा नियम आहे. हंगामाआधी प्रत्येकाची स्वतःची मूळ पातळी मोजायची. लाल पेशींतले एन्झाइम त्या पातळीच्या ७० टक्क्यांवर किंवा खाली आले की त्या माणसाला फवारणीवरून हटवायचे आणि ८० टक्क्यांवर परतेपर्यंत पुन्हा लावायचे नाही. माणसामाणसांत मूळ पातळी खूप वेगळी असते, म्हणून हंगामाआधीचे मापन नसेल तर नंतरच्या आकड्यावरून फारसे काही सांगता येत नाही. तुमच्या कंपनीकडे सभासदांचे फवारणी करणारे मजूर नेमके किती आणि कोण, याची यादी असणारच. यंत्रावर खर्च करायचाच असेल तर स्थानिक डॉक्टरांना सोबत घेऊन यासाठीची सोय उभी करा. मात्र फवारणीनंतर कुणाला लाळ गळू लागली, बाहुल्या बारीक झाल्या, दम लागला, तर पट्टी शोधत बसू नका. कपडे काढा, अंग धुवा, औषधाची बाटली सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.

आता पुतणीच्या प्रकल्पाबद्दल. ग्राफीनवर सोन्याचे नॅनोकण, त्यावर आणखी काही, आणि शेवटी बफरमधली शोधमर्यादा, असा प्रकल्प तिने करू नये असे मला मनापासून वाटते. असे लेख ढिगाने आहेत. एम.एस्सी.च्या वेळेत होईल आणि कुणाच्या तरी कामाला येईल असे दोन विषय सुचवतो. एक, ब्रोमीनशिवाय पट्टीवरच वीज देऊन क्लोरपायरिफॉसचे ऑक्सॉन करता येते का, आणि त्यात एन्झाइम सुरक्षित राहते का. हा अवघड आहे. यशाची खात्री नाही, पण शिकायला भरपूर मिळेल. दोन, पट्टीचे टिकणे. हा विषय चमकदार नाही, म्हणूनच त्यावर काम कमी होते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पट्टी इथेच मार खाते.

दुसरा घेतला तर आखणी साधी ठेवावी. बाजारातले छापील इलेक्ट्रोड, विजेचा झटका देणाऱ्या ईल माशाचे एन्झाइम, एका संचात नुसते ग्लुटारल्डिहाइडने बसवलेले आणि दुसऱ्यात ट्रेहॅलोज साखर घालून सुकवलेले. दोन्ही संच ४ अंश, खोलीचे तापमान आणि ४० अंश अशा तीन ठिकाणी, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह आणि पुडीविना ठेवावेत. दर आठवड्याला प्रत्येक गटातल्या निदान पाच पट्ट्यांचा कोरा प्रवाह आणि एका ठरावीक क्लोरपायरिफॉस-ऑक्सॉन तीव्रतेची घट मोजावी. हे ऑक्सॉन फार विषारी आहे, म्हणून मार्गदर्शकांच्या देखरेखीत, धुराड्याखाली (फ्यूम हूडमध्ये) आणि हातमोजे घालूनच हाताळावे. कोरा प्रवाह पडतो तेव्हा घटीचा टक्काही बदलतो का, की तो स्थिर राहतो? तो स्थिर राहत असेल तर अर्धी मेलेली पट्टीसुद्धा खरे सांगते, आणि तसे असेल तर गावापर्यंत पट्टी फ्रीजशिवाय नेता येईल.